बोंडअळी मेली, धागा आखूडला: आफ्रिकेतली जीएम पिकं आणि जैवइंधन

बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला देश. सोन्याच्या खाणींचा जोर वाढेपर्यंत तिथल्या निर्यातीत कापूस पहिला होता. हा कापूस सगळा कोरडवाहू आणि सगळा हाताने वेचलेला. त्यामुळे तो स्वच्छ असायचा, धागाही चांगला लांब असायचा, आणि जगाच्या बाजारात त्याला चार पैसे जास्त मिळायचे. अडचण होती ती बोंडअळीची. हंगामात सहा-सहा फवारण्या करूनही ती हटत नव्हती.

२००८ साली तिथे बीटी कापूस शेतकऱ्यांच्या शेतात आला. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक घालून, बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होईल असं केलेलं जीएम (जनुकीय बदल केलेलं) पीक. मोन्सँटो या अमेरिकी बियाणं कंपनीने तिथल्या सरकारी संशोधन संस्थेबरोबर काम करून, दोन जनुकं असलेलं बीटी तंत्र स्थानिक वाणांत आणलं होतं. फवारण्या सहावरून दोनवर आल्या, आणि त्या दोन फवारण्याही रसशोषक किडींसाठी. उत्पादन सरासरी पाचव्या हिश्शाने वाढलं. २०१४ पर्यंत देशातलं साधारण सत्तर टक्के कापूसक्षेत्र बीटीखाली गेलं होतं. आफ्रिकेतला छोटा शेतकरी आणि जीएम तंत्रज्ञान यांचं कसं जमतं, हे दाखवायला त्या काळात प्रत्येक सादरीकरणात बुर्किना फासोचं नाव असे.

आणि २०१६-१७ च्या हंगामात या देशाने बीटी कापूस पूर्ण बंद केला.

कारण शेतात नव्हतं, जिनिंगमध्ये होतं. कापूस पिकवणाऱ्या वाचकाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. शेतातून येतो तो कापूस म्हणजे रुई आणि सरकी एकत्र. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली त्याला उतारा म्हणतात. आपल्याकडे चौतीस-पस्तीसचा उतारा म्हणजे नेहमीचा. पश्चिम आफ्रिकी वाणांचा बेचाळीसच्या आसपास असतो. बीटी आल्यावर हा उतारा घसरला. शिवाय रुईचा धागा आखूड झाला. ज्या लांबीवर या देशाला जादा भाव मिळत होता, तीच गेली.

हे नुकसान शेतकऱ्याला मात्र दिसत नव्हतं. बुर्किना फासोत सोफितेक्स, सोकोमा आणि फासो कोटन या तीन कंपन्या कापसाचा सगळा व्यवहार बघतात. बी-खत उधारीवर देतात, आपापल्या भागातला सगळा कापूस ठरलेल्या भावाने विकत घेतात आणि उधारी त्यातून कापून घेतात. आपल्याकडची एकाधिकार खरेदी योजना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र नवं वाटणार नाही. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते कापसाच्या वजनावर. वजन वाढलं होतं, तेव्हा तो खूश. रुई विकायची होती कंपन्यांना, आणि तिला गिऱ्हाईक पूर्वीचा भाव देईना. म्हणजे एकाच बियाण्याने एकाचा खिसा भरला आणि दुसऱ्याचा कापला, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. बीटी बंद झाल्यावर पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा लागला म्हणून कुरकुरणारे शेतकरीही तिथे होते.

धागा आखूड का झाला? जनुक थेट स्थानिक वाणात घालत नाहीत. ते आधी एका अमेरिकी वाणात होतं. त्याचा स्थानिक वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीत अर्धा वारसा परका असतो. मग त्या रोपाचा पुन्हा स्थानिक वाणाशीच संकर करायचा, की परका वाटा पाव होतो. पुन्हा केला की साडेबारा टक्के. असं सहा वेळा केलं की एक टक्क्याच्याही खाली येतो. हे काम वेळखाऊ आहे. बुर्किनाच्या बाबतीत ते पुरेशा पिढ्या झालं नाही, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. मोन्सँटोचं म्हणणं होतं की धाग्याची प्रत हवामानासकट अनेक गोष्टींवर ठरते. तिन्ही कापूस कंपन्यांनी ४८.३ अब्ज सीएफए फ्रँक (तिथलं चलन) इतकी भरपाई मागितली, मोन्सँटोला द्यायची रॉयल्टी अडवून धरली आणि २०१७ मध्ये तडजोड झाली.

मी जीएम वादाची सुरुवात इथून केली ती मुद्दाम. या विषयावर बोलायला लागलं की चर्चा लगेच ‘विष की वरदान’ या रुळावर जाते. बुर्किनात जनुकाने सांगितलेलं काम चोख केलं. अळी मेली. तरी व्यवहार फसला, कारण यशाची मोजपट्टी एकच लावली होती, बोंडअळी आणि एकरी वजन.

विषाचा प्रश्न

तरी तो प्रश्न टाळता येत नाही, कारण आफ्रिकेत तो फार नाजूक वेळी विचारला गेला. २००२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण पट्ट्यात दुष्काळ पडला. झांबिया, झिंबाब्वे, मलावी, मोझांबिक, सगळीकडे मका गेला. अमेरिकेने मदत म्हणून मका पाठवला आणि त्यात जीएम मका मिसळलेला होता. झिंबाब्वे, मलावी, मोझांबिक यांनी अट घातली की दाणे नकोत, दळून पीठ द्या. झांबियाचे अध्यक्ष लेवी म्वानावासा यांनी तेही नाकारलं. लोक उपाशी आहेत म्हणून त्यांना विष देणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं विधान जगभर गाजलं.

दळून द्या, ही अट वरवर विचित्र वाटते. पण मदतीचा दाणा सगळाच शिजत नाही, थोडा पेरलाही जातो. मका हे परपरागीभवनाचं पीक. वाऱ्यावर परागकण उडतात आणि शेजारच्या शेतातल्या कणसात जाऊन बसतात. एकदा मिसळण झाली की वेगळं काढणं अवघड, आणि युरोप तेव्हा जीएमबाबत कडक होता. तिकडे माल पाठवणाऱ्या देशांना बाजार गमावण्याची भीती होती. पीठ पेरता येत नाही, म्हणून पीठ.

झांबियाची शंका वेगळी होती. त्यांनी आपल्या शास्त्रज्ञांचं पथक अमेरिका, युरोप आणि दक्षिण आफ्रिकेत पाठवलं, आणि पथकाने सावध राहा असा सल्ला दिला. युक्तिवाद असा: अमेरिकी माणूस मका खातो तो बराचसा कोंबडी-डुकराच्या आणि सरबतातल्या साखरेच्या रूपात. झांबियात घराघरात मक्याची न्शिमा, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, रोजचं मुख्य अन्न. कुपोषित माणसाने तीच गोष्ट रोज, भरपूर खाल्ली तर काय, याची तपासणी कुठे झाली आहे?

प्रश्न रास्त होता. आजवरचं उत्तर असं की बाजारात परवानगी मिळालेल्या जीएम अन्नामुळे साध्या अन्नापेक्षा जास्त अपाय होतो, याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. त्याच पट्ट्यातल्या दक्षिण आफ्रिका या देशात लोक २००१ पासून जीएम पांढरा मका खात आले आहेत. उलट बाजूने गाजलेला उंदरांवरचा फ्रेंच अभ्यास, ज्यानंतर केनियाने २०१२ मध्ये जीएम आयात बंद केली, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१३ मध्ये मागे घेतला. म्हणून मला स्वतःला आरोग्याची भीती या वादातली सगळ्यात कच्ची बाजू वाटते. पण म्वानावासांना मूर्ख ठरवणाऱ्यांचंही मला पटत नाही. भुकेच्या काळात समोर एकच ताट ठेवायचं आणि ‘हेच घे’ म्हणायचं, याला निवड म्हणत नाहीत. झांबियाने मग दुसरीकडून धान्य मिळवलं आणि तो काळ निभावून नेला.

अळी शिकते, कर्ज शिकवतं

पक्क्या चिंता दोन आहेत. पहिली विदर्भात तोंडपाठ आहे. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. एकच विष रोज समोर असेल तर जी अळी त्यातून वाचते तिचीच पिलावळ वाढते. दक्षिण आफ्रिकेत हे मक्यावर घडलं. खोडकिडीची बीटी मक्याला न जुमानणारी जात २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. यावर उपाय म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी पट्टा लावायचा असतो, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या किडीशी संकर होऊन प्रतिकार पातळ होतो. दीड एकरवाल्याला सांगून पाहा, की यातला काही भाग किडीसाठी सोड. तिथे मोठ्या शेतकऱ्यांनीही तो नीट सोडला नव्हता.

दुसरी चिंता उधारीची. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात मखातिनी नावाचा सपाट पट्टा आहे. १९९८ पासून तिथले छोटे झुलू शेतकरी बीटी कापसाकडे झपाट्याने वळले आणि जगभरचे पाहुणे बसमधून तिथे यायला लागले. बियाणं महाग होतं, पण चिंता नव्हती, कारण व्हुनिसा नावाची कंपनी लँड बँक या सरकारी शेती बँकेच्या पैशातून कर्ज द्यायची आणि कापूस घेताना वसूल करायची. गावात दुसरा खरेदीदार नसल्याने वसुली पक्की. मग २००२ च्या सुमारास शेजारीच दुसरी जिनिंग उभी राहिली. शेतकऱ्यांनी कर्ज घेतलं एकाकडून आणि कापूस घातला दुसऱ्याला. जोडीला दुष्काळ. बँकेने हात आखडला, कर्ज थांबलं आणि कापसाचा पेरा कोसळला. यात जनुकाचा दोष काडीचा नाही. पण महाग बियाणं म्हणजे हंगामाच्या सुरुवातीलाच वाढलेली उधारी, आणि पाऊस रुसला तर ती उधारी बियाण्याबरोबर करपत नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘जीएम बियाणं वांझ असतं, म्हणून दर वर्षी घ्यावं लागतं’ असं सर्रास सांगतात. उगवणच होऊ न देणारं ते कुप्रसिद्ध तंत्र बाजारात कधी आलंच नाही. दर वर्षी घ्यावं लागतं ते संकरित बियाणं, बीटी असो वा नसो. केनिया आणि नायजेरियात आलेला बीटी कापूस संकरितच आहे, आणि बियाणं आपल्या जालन्यात उभ्या राहिलेल्या महिकोचं. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याने वीस वर्षांत या संकरित बीटीबद्दल जे पाहिलं, त्यात तिथल्या शेतकऱ्याला रस असायला हवा. फायद्यातही आणि तोट्यातही.

उलटं उदाहरण नायजेरियाच्या चवळीचं. चवळी हे तिथलं गरिबाचं प्रथिन, आणि जगात सगळ्यात जास्त चवळी पिकते तीही तिथेच. शेंगा पोखरणारी अळी पीक खाऊन टाकते, आणि चवळीशी संकर करता येईल अशा नात्यागोत्यात तिला तोंड देणारा गुण ब्रीडरांना सापडेना. मोन्सँटोने बीटी जनुक रॉयल्टी न घेता दिलं, झारियाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने वाण तयार केलं आणि २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. चवळी स्वपरागी, म्हणजे फुलाचे पराग बहुतेक त्याच फुलात पडणारी, असल्याने घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. अळी इथेही शिकेल, तो धोका आहेच. पण बी कुणाचं, याचं उत्तर इथे वेगळं आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं होतं. तेव्हा शेतकऱ्याला तंत्र नकोच असतं, हेही खरं नाही.

रिकामी म्हणून दिलेली जमीन

जैवइंधनाची हवा शेतातून नाही, कायद्यातून आली. युरोपीय संघाने २००९ मध्ये ठरवलं की २०२० पर्यंत वाहतुकीतली दहा टक्के ऊर्जा नूतनक्षम स्रोतांतून आली पाहिजे. अमेरिकेने त्याआधीच इथेनॉलचे मोठे आकडे कायद्यात घातले होते. जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. इतकं तेल पिकवायला युरोपात जमीन कुठे? नकाशावर आफ्रिका मोकळी दिसत होती.

त्यासाठी निवडलेलं झाड म्हणजे जत्रोफा, आपला मोगली एरंड. आफ्रिकेत तो जुनाच, शेताला कुंपण म्हणून, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुंतवणूकदारांना सांगितलं गेलं की तो माळरानावर येतो, पाणी मागत नाही, अन्नाच्या जमिनीला हात लावत नाही आणि बियांत भरपूर तेल असतं. प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर. फक्त ती सगळी एकाच शेतात एकाच वेळी खरी नसतात. माळावर तो जगतो, पण बी धरत नाही; बी हवं तर पाणी, खत आणि बरी जमीन हवी, म्हणजे पुन्हा अन्नाचीच जमीन. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे वेचणी हाताने आणि पुन्हा पुन्हा. पेंड विषारी, गुराला घालता येत नाही. महाराष्ट्रातही त्याच दशकात रोपवाटिका भरून जत्रोफा वाटला गेला. आता बांधावर कुठे एखादं झाड दिसतं.

टांझानियातलं किसारावे बघा. दार-ए-सलामजवळचा हा जिल्हा. सन बायोफ्युएल्स या ब्रिटिश कंपनीला तिथे जत्रोफासाठी ८,००० हेक्टरहून थोडी जास्त जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळाली. ती जवळपास डझनभर गावांची होती. दवाखाने, रस्ते, विहिरी, नोकऱ्या, असं बरंच कबूल झालं. काहींना नोकऱ्या मिळाल्याही. तेल स्वस्त झालं, जत्रोफाने आकडे दाखवले नाहीत, पैसा आटला. २०११ मध्ये कंपनी बसली, कामगार घरी गेले आणि मळा दुसऱ्याच्या हाती गेला.

खरी गोम कायद्यात आहे. टांझानियात गावाची जमीन परदेशी कंपनीला थेट देता येत नाही. आधी तिचं वर्गीकरण बदलून ती गावाच्या ताब्यातून सरकारी जमिनीत घ्यावी लागते, मग भाडेपट्टा. कंपनी बुडाली की जमीन आपोआप गावाकडे परत येत नाही. ती आता गावाची राहिलेलीच नसते. आणि जी जमीन ‘वापरात नाही’ म्हणून दिली जाते तिच्यावर सरपण असतं, गुरं चरतात, मध, औषधी मुळ्या, पावसाळी भाज्या आणि पाळीने पडीक ठेवलेली शेतं असतात. आपल्या गायरानाचा हिशेब सातबाऱ्यावर जितका दिसतो, तितकाच तिथल्या दप्तरात या सगळ्याचा दिसतो.

किसारावे हा अपवाद नव्हता. जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार २००९ संपेपर्यंत एका वर्षाच्या आतबाहेर जगात ५.६ कोटी हेक्टरांचे जमीन-व्यवहार जाहीर झाले, त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत, आणि प्रत्यक्ष शेती सुरू झाली होती ती फक्त २१ टक्के प्रकल्पांत. बाकीची जमीन नुसती अडकली. मादागास्करमध्ये तर देवू या कोरियन उद्योगाला मका आणि पामतेलासाठी १३ लाख हेक्टर देण्याची बातमी फुटली आणि आधीच पेटलेल्या असंतोषात भर पडून २००९ च्या मार्चमध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

इंधनाला अन्न घालण्याची भीतीही त्याच काळातली. २००७-०८ मध्ये जगभर धान्य महागलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी जाँ झिगलर यांनी अन्नपिकांपासून इंधन करण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. महागाईला तेल, दुष्काळ, निर्यातबंदी, साठेबाजी अशी कारणं अनेक होती. इथेनॉलचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. दक्षिण आफ्रिकेने वाद संपायची वाट न बघता २००७ च्या आपल्या धोरणात मका वगळून टाकला. मोकाट पसरेल म्हणून जत्रोफाही वगळला. मला हे आफ्रिकेतलं सगळ्यात शहाणं पान वाटतं.

आणि मलावी. १९८२ पासून तिथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं. नवी जमीन नाही, अन्न नाही. देशाला समुद्र नाही म्हणून आयात तेल महाग, आणि मळीचं काय करायचं हा प्रश्न होताच. यात कुणाला जागतिक परिषद भरवावीशी वाटली नाही, पण ते चाललं आहे. मळी आणि रस यातला फरक आपल्यालाही डिसेंबर २०२३ मध्ये कळला, जेव्हा ऊस कमी येणार म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अटकाव केला आणि कारखान्यांची धावपळ झाली.

फसलं तर कोण भरणार

बुर्किनात भरपाई मागता आली, कारण मागणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या होत्या आणि त्यांच्या हातात अडवून धरायला रॉयल्टी होती. मखातिनीच्या शेतकऱ्याकडे किंवा किसारावेच्या गावाकडे अडवायला काही नव्हतं.

युगांडात हा प्रश्न कायद्यात लिहायचा प्रयत्न झाला. तिथे मटोके केळी म्हणजे रोजचं जेवण, आणि जिवाणूजन्य मर रोगाने बागाच्या बागा जातात. सरकारी शास्त्रज्ञांनी कावांदाच्या केंद्रात रोगाला तोंड देणारी जीएम केळी वाढवली. २०१७ मध्ये संसदेने जैवसुरक्षा विधेयक मंजूर केलं, अध्यक्ष मुसेवेनींनी सही न करता परत पाठवलं. मूळ वाणांचं काय, शेजारच्या बागेत मिसळण झाली तर काय, असे त्यांचे आक्षेप होते. २०१८ मध्ये संसदेने नवा मसुदा केला, त्यात कडक कलम घातलं: नुकसान झालं तर चूक कुणाची हे सिद्ध करत बसायचं नाही, ज्याने तंत्र आणलं त्यानेच भरायचं. आता शास्त्रज्ञच बिथरले. सरकारी पगारावर काम करणारा संशोधक असली जोखीम घेणार कशी, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे. मुसेवेनींनी त्याही विधेयकावर सही केली नाही, आणि रोगाला न जुमानणारी ती केळी प्रयोगाच्या कुंपणाआडच राहिली.